गळवाले काका

रायपूरच्या मराठी वस्तीत, तात्यापारा म्हणा की चौबे कॉलनी, एक तरी गळवाले काका असतातच. नोकरीतून निवृत्त, रविवारी पहाटे स्कूटरला आडवी बांधलेली लांब पिशवी आणि डिकीत कणकेचा गोळा. घर शुद्ध शाकाहारी. चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. तरी काकांना मासा हवा असतो. खायला नव्हे, जिंकायला.

शहर तळ्यांचं. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध; शिवाय महादेव घाटाला खारून नदी. एवढं पाणी भोवती असताना माणसाने पत्ते कुटत का बसावं, हा काकांचा सवाल.

सुरुवातीचे दिवस घरादाराला सुखाचे गेले, कारण काकांना काहीच मिळत नसे. गळ शेवाळात अडके, दोरा बाभळीत. वारा पूर्वेचा होता, पलीकडे म्हशी उतरल्या होत्या, अशी कारणं तयार असत. काकू निर्धास्त होत्या.

पण काका पडले अभ्यासू. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मिरगल तळाशी. तिघांना एकाच खोलीवर बोलावण्यात अर्थ नाही, हे त्यांनी वाचून काढलं. मग शिसं सोडून पाण्याची खोली मापायची, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, तळं कुणाच्या पट्ट्याचं ते विचारून आधी परवानगी घ्यायची, असे नियम आले. पुस्तकात नव्हतं ते महादेव घाटावरच्या एका केवटाने शिकवलं. दोऱ्याला बांधलेली मोरपिसाची दांडी पाण्यावर उभी तरंगत असते. ती नुसती थरथरली, तर कोतरी, म्हणजे चिमुकली मासळी, कणीक कुरतडतेय. हात हलवायचा नाही. आडवी झाली, तर खालच्या माशाने आमिष शिशासकट उचललं. तिरपी सरकत बुडाली, की झटका, तोही मनगटाने. काकांचा झटका खांद्यापासून निघे, तेव्हा केवट हसून म्हणे, ‘‘झन हड़बड़ाव, साहेब!’’

आमिषाची प्रयोगशाळा अर्थातच स्वयंपाकघर. कणकेत सत्तू, मोहरीची पेंड आणि हिंग. हिंगाची डबी भराभर रिकामी होऊ लागली. वरणाला मात्र वास लागेना.

आणि घात झाला. मासे लागू लागले! पहिला दणदणीत रोहू घेऊन काका दारात उभे राहिले, तेव्हा काकूंनी आतूनच विचारलं, ‘‘अहो, तुम्ही आत येताय की तो?’’ काका एकटेच आत गेले. रोहू गेला शेजारच्या बंगाली दादांकडे. दादांनी रात्री निकाल कळवला: ‘‘तळ्याचा दिसतो. चिखलाचा वास मारतो.’’

काकांच्या पुढच्या सगळ्या प्रगतीचं मूळ या एका वाक्यात आहे. त्यांनी तळी सोडली, खारून धरली. दादा म्हणाले, ‘‘बरा आहे.’’ काका धमतरीपलीकडे महानदीवरच्या गंगरेल धरणापर्यंत पोचले. दादांनी मान डोलावली. हल्ली महाराष्ट्र मंडळाच्या पंगतीत श्रीखंड ओरपता ओरपता काका नदीचा रोहू आणि तळ्याचा रोहू यांच्या चवीतला फरक समजावून सांगतात. उभ्या जन्मात मासा जिभेला लावला नाही, पण समोरच्याला बोलायची सोय नाही. दादा पाहुणे म्हणून आलेले असले, तर तेही मान डोलावतात. पुढचा रविवार कोण घालवील?

काकांना रविवारचं काही काम सांगायचं असेल, तर एक ध्यानात ठेवा. छत्तीसगडमध्ये 16 जून ते 15 ऑगस्ट नद्यांत आणि धरणांत मासेमारीला बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. नदी-नाल्यांशी न जोडलेल्या लहान तळ्यांना सूट आहे, पण तळ्याचा मासा आता काकांच्या इभ्रतीला शोभत नाही. काकूंच्या मते शासनाचा हा सर्वांत शहाणा कायदा. तेव्हा गळका नळ, लग्नाची बोलणी, नातवाचं गणित, जे काही असेल ते याच दोन महिन्यांत उरकून घ्या. 16 ऑगस्टला काका भेटणार नाहीत.