नमुना

तात्यांनी एखाद्या पदार्थाला ‘चालेल’ म्हटलं, की पेणमधली माणसं ते घरी जाऊन सांगतात. ‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेला नाही. त्यांची सगळी नोकरी धाटावच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे माल दोनच प्रकारचा: पास आणि नापास. पुढे कंपनी सुटली, पास-नापास काही सुटलं नाही. आळीत पापड घातले, की डांगराची एक लाटी आधी तात्यांकडे जाते. ती जिभेवर ठेवून ते आढ्याकडे बघतात आणि म्हणतात, “पापडखार जास्त.” श्रावणात गणपतीच्या कारखान्यांतून फिरून डोळ्यांची आखणी तपासतात; कुणी बोलावलेलं नसतं. लग्नात जिलेबी मोडून, उजेडात धरून, पाक आत कुठवर पोचलाय हे बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांचा पुतण्या अँटवर्पला असतो. मे महिन्यात तो रोह्याला घरी आला तेव्हा बेल्जियममधल्या रोशफोरच्या मठातल्या काळ्या बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला आणि फोनवर म्हणाला, “तात्या, मार्क तुम्ही द्यायचे.” झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दिवा-रोहा मेमूत. कासू, नागोठणे, निडी, प्रत्येक स्टेशनाला त्यांनी मला सांगितलं, की कालपासून तिखट खाल्लेलं नाही. वरच्या खिशात दारू पिण्याचा परवाना होता. १९४९च्या कायद्यापासून आपल्याकडे तो लागतो. पण तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बाळगणारे मला तात्याच ठाऊक आहेत.

पहिली विसंगती लेबलावरच सापडली. बाटलीवर आकडा १०, मद्यार्क ११.३ टक्के. “तुझे साधू छपाईत चुकतात का रे?” पुतण्याने सांगितलं, की १० हा घनतेच्या जुन्या बेल्जियन मोजपट्टीवरचा आकडा. घनता म्हटल्यावर तात्या खुर्चीत सावरून बसले. इतका वेळ दारू होती, आता नमुना झाला.

मग भांड्याचा प्रश्न. स्टीलचा पेला नापास, कारण रंग दिसत नाही. उभा ग्लास नापास, वास वर येत नाही. शेवटी वहिनींच्या शोकेसमधला आइस्क्रीमचा काचेचा कप निघाला, पायाचा, पसरट तोंडाचा. पुतण्या बघतच राहिला. मठवाले ज्या प्याल्यातून ही बिअर देतात, त्याची घडण जवळजवळ हीच. फ्रिजमधून आलेली बाटली मात्र परत धाडली नाही. ओटीवर ठेवून तिला ताप बघावा तसा हात लावत राहिले. गारठ्यात वास उमलत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ओतल्यावर पिशवीतून प्रयोगशाळेतला थर्मामीटर निघाला. “बारा. घ्या.” पुतण्याच्या कागदावर दहा ते चौदा लिहिलं होतं.

तो कागद म्हणजे अमेरिकेतल्या बिअर-परीक्षकांचा तक्ता. पन्नास मार्क: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “रूपाला तीन? पेणच्या मूर्तिकाराला हे सांगून बघ.”

“रंग भाजलेल्या माल्टचा असेल,” मी उगाच बोललो.

“भाजलेला असता तर करपट वास आधी आला असता. ही काकवी आहे.”

आणि होतीच. या जातीच्या बिअरचा काळेपणा मुख्यतः साखर शिजवून गडद केलेल्या पाकातून येतो. तिकडे उसाऐवजी बीट, एवढाच फरक. मग तात्यांनी कपावर तळवा झाकला, गोल फिरवला, नाक घातलं. काळ्या मनुका. खजूर. लवंग. आणि डोळे मिटून, जुना सहकारी भेटावा अशा मायेनं: “आयसोअमाइल अॅसिटेट!” म्हणजे पिकलेलं केळं. यीस्टला उबेत आंबवू दिलं, की ते हा वास स्वतःच तयार करतं, केळं लागत नाही. दोन घोटांच्या मध्ये जीभ कोरी करायला पुतण्याने पाव काढला होता. तात्यांनी पेणचे पातळ पोहे काढले. कोरडे.

तळाशी यीस्टचा गाळ राहिला. तो तसा बाटलीतच ठेवतात. तात्यांनी तो वेगळ्या वाटीत मागवला आणि वेगळा तपासला. याच जिवंत यीस्टमुळे बाटली वर्षानुवर्षं मुरत राहते, असं पुतण्या म्हणाला. सकाळी उतरवलेली ताडी दुपारी आंबटते त्या मुलखातल्या माणसाला हे सहज पटत नाही. पुतण्याने मग इतिहास काढला: १९१९मध्ये बेल्जियमने गुत्त्यांतून कडक दारू विकायला बंदी घातली, आणि गिऱ्हाईक जोरकस बिअरकडे वळलं.

“बंदीनं जोर वाढतो. आपल्याकडे काय वेगळं झालं?” एवढं बोलून तात्या लिहू लागले. वास ११. रूप २, फेस एका कडेला बसला म्हणून. चव १८. भरीवपणा ५. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. कप रिकामा होता.

वहिनी दारातून म्हणाल्या, “आवडली म्हणून सांगा ना भावोजी. चेहरा बघा जरा आरशात.”

“आवडणं हा रकाना तक्त्यात नाही.”

“तात्या, आहे,” पुतण्या म्हणाला. “ते शेवटचे दहा त्याचेच.”

तात्यांनी कागद वाचला. उलटा करून मागची बाजू बघितली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती आणि मी चपला घालून उभा होतो.

“एका नमुन्यावर निकाल देत नाहीत,” ते म्हणाले. “दुसरी उघड.”