रा. रा. अ‍ॅपल आणि रा. रा. गुगल यांस हुपरीहून

प्रति,
रा. रा. अ‍ॅपलसाहेब, मुक्काम कुपर्टिनो
आणि
रा. रा. गुगलसाहेब, मुक्काम माउंटन व्ह्यू

यांस हुपरी, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर येथून एका पैंजण करणाऱ्याचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, याचा राग मानू नका. आधी वेगवेगळीच लिहायला बसलो होतो. पण एकाचं लिहून झालं आणि वाचून बघितलं, तर वरचं नाव बदलून तेच दुसऱ्याला सहज चालत होतं. तुमच्या फोनांचंही हल्ली तसंच झालंय, तेव्हा तुम्ही समजून घ्याल.

आमच्या गावाची माहिती तुम्हाला असायचं कारण नाही. हुपरी म्हणजे चांदी. इथं आणि आसपासच्या रेंदाळ, पट्टणकोडोलीसारख्या गावांत घरटी कुणी ना कुणी या कामात असतंय. कुणाकडं आटणी, कुणाकडं तार ओढायचं काम, कुणी कड्या वळतो, कुणी डाख लावतो. बायका दुपारची भांडी आवरली की घुंगरं जोडायला बसतात. आणि नक्कल? ती सगळेच करतात. परराज्यातला व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर सेलम नाहीतर राजकोटच्या पैंजणाचा फोटो टाकतो, खाली लिहितो, ‘सेम बनाना, वजन कम.’ आठवड्यात नमुना तयार. पुढच्या आठवड्यात तोच माल शेजारच्या गल्लीत, कडी जरा चपटी करून. त्याच्या पुढच्या आठवड्यात सेलमवाल्याकडं, आमची चपटी कडी घेऊन. कोण कुणाचं बघून करतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि संध्याकाळी सगळे एकाच टपरीवर चहाला असतात.

म्हणून तुम्हा दोघांच्या भांडणाबद्दल वाचतो तेव्हा परकं वाटत नाही. फक्त चहाचं तेवढं तुमच्याकडं दिसत नाही.

गुगलसाहेब, आधी तुमच्याकडं येतो. तुम्ही 2005 साली अँड्रॉइड विकत घेतलं. त्याचा पहिला नमुना बटणांचा होता, ब्लॅकबेरीच्या वळणाचा. 2007 च्या जानेवारीत आयफोन लोकांसमोर आला आणि तुमच्या कारखान्यात साचा बदलला. त्यात पुन्हा तुमचे तेव्हाचे मुख्य कारभारी एरिक श्मिट 2006 पासून 2009 पर्यंत अ‍ॅपलच्याच संचालक मंडळावर बसत होते. हुपरीत समोरच्या दुकानदाराला कुणी आपल्या आटणीच्या खोलीत खुर्ची टाकून देत नाही. अ‍ॅपलसाहेब, हा मोठेपणा तुमचा. नंतरचा संतापही तुमचाच.

आता तुमचं, अ‍ॅपलसाहेब. ज्यांनी पुढं नकलेवरून जगभरची कोर्टं गाजवली, त्यांच्या फोनात पहिली दोन वर्षं कॉपी करायची सोयच नव्हती. मजकूर इथून उचलून तिथं चिकटवायला 2009 उजाडावं लागलं. पडद्यावर वरून बोट ओढलं की निरोपांची यादी खाली उतरते, ती अँड्रॉइडच्या 2008 मधल्या पहिल्या फोनातच होती. तुमच्याकडं आली 2011 ला. पडद्यावर घड्याळ, हवामान वगैरे मांडायची विजेटं अँड्रॉइडवाले 2009 पासून लावत होते. तुम्ही ती 2020 मध्ये आणलीत. आमच्या पुतण्यानं हप्त्यावर आयफोन घेतलाय. त्यानं त्या दिवशी सगळ्या घराला हवामानाचं विजेट असं दाखवलं, की पाऊसही आयफोननंच शोधलाय. आमच्या वहिनीनं घुंगरू जोडता जोडता काच तडकलेला आपला सात हजारांचा फोन त्याच्यासमोर ठेवला. त्यावर तेच विजेट होतं, आणि तिच्या फोनातही पाऊसच पडत होता.

बरं, उधारी एकाच बाजूची नाही. आयफोनचं खालचं गोल बटण 2017 मध्ये गेलं आणि खालून वर बोट सरकवायची रीत आली. 2019 पर्यंत अँड्रॉइडनं ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. पण चालू असलेली अ‍ॅप पत्त्यांसारखी समोर मांडायची आणि नको ते बोटानं वर भिरकावून द्यायचं, हे मूळ काम ना तुमचं ना त्यांचं. ते पाम कंपनीचं, 2009 सालचं. पाम 2010 मध्ये एचपीनं घेतली आणि 2011 मध्ये तो फोन बंदच झाला. तिथला कसबी माणूस मतियास दुआर्ते गुगलसाहेबांनी त्याआधीच उचलून नेला होता. हा प्रकार आमच्या ओळखीचा आहे. डिझाइन चोरण्यापेक्षा कारागीर पळवलेला बरा, मजुरीत थोडा फरक पडतो एवढंच. पामचं नाव मात्र तुम्ही दोघंही स्टेजवर कधी घेत नाही. पुतण्याला तो हावभाव आयफोनचा वाटतो, वहिनीला अँड्रॉइडचा.

मग कोर्ट. एप्रिल 2011 ला अ‍ॅपलसाहेबांनी अँड्रॉइडचे फोन करणाऱ्या सॅमसंगवर दावा लावला. ऑगस्ट 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं सुमारे 105 कोटी डॉलर भरायला सांगितले. त्यात भांडणाच्या गोष्टी काय, तर चौकोनाचे कोपरे गोल, चिन्हांच्या रांगा, आणि यादी संपली की ती रबरासारखी मागं उसळते ती लकब. पुढं आकडा खाली आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जून 2018 मध्ये आपसांत मिटलं. सात वर्षं! आमच्याकडं पैंजणाच्या घुंगराला गोल कुणी केलं म्हणून सात वर्षं तारखा पडल्या असत्या, तर तोवर त्या नवरीची मुलगी शाळेत गेली असती. आपल्या देशातही 2000 चा डिझाइन कायदा आहे, नोंदणी केली की दहा वर्षं हक्क, वाढवून आणखी पाच. पण पैंजणाची फॅशन दिवाळी ते दिवाळी. इतका मोठा हक्क घेऊन इतकं छोटं आयुष्य राखायचं, हे आमच्या हिशेबात बसत नाही.

त्या खटल्यांतला एक निकाल मात्र मला मनापासून आवडतो. 2012 मध्येच लंडनच्या न्यायाधीशांनी ठरवलं की सॅमसंगचा टॅबलेट अ‍ॅपलच्या टॅबलेटइतका ऐटबाज नाही, सबब गिऱ्हाइकाची गल्लत होणार नाही, सबब नक्कल नाही. वर अ‍ॅपलला स्वतःच्या संकेतस्थळावर तसं छापायला लावलं. सॅमसंगराव जिंकले, पण असं जिंकल्यावर पेढे कुणी वाटावेत? आमच्या बाजारात कुणी म्हणालं, ‘तुझा माल त्याच्याइतका चांगलाच नाही, मग चोरी कसली?’ तर त्या माणसानं दुकान बंद करून शेती केली असती.

सॅमसंगरावांचा विषय निघालाच आहे म्हणून. 2020 च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलसाहेबांनी आयफोनच्या डब्यातून चार्जर काढला, तेव्हा यांनी फेसबुकवर टोमणा मारला की आमच्या डब्यात मिळतो बरं का. 2021 च्या जानेवारीत यांच्या महागड्या फोनाच्या डब्यातूनही चार्जर गेला, आणि त्याच सुमाराला तो टोमणाही गेला. सोय उचलायला वर्षं लागतात, गैरसोय मात्र तीन महिन्यांत. गुगलसाहेब, हसू नका. 2016 च्या तुमच्या पहिल्या पिक्सेल फोनाच्या वेळी इयरफोनचं भोक ठेवल्याची मिरवणूक तुम्हीच काढली होती, आणि 2017 च्या पिक्सेलमध्ये ते बुजवलंत.

एवढं सगळं होऊनही आतल्या गोटात तुमचं फार छान चाललेलं असतं. आयफोनच्या सफारीत शोधायला आधी गुगलच यावं, म्हणून गुगलसाहेबांनी 2022 या एका वर्षात अ‍ॅपलसाहेबांना 2000 कोटी डॉलर मोजल्याचं अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदांत निघालं. आयफोनच्या पडद्यांचा मोठा वाटा सॅमसंग पुरवते. म्हणजे भांडणं गिऱ्हाइकानं करायची. आमच्याकडं पुतण्या आणि वहिनी दोन दिवस बोलत नाहीत आणि तुम्ही मात्र महिनाअखेरीला हिशेब मिटवता.

माझी तक्रार नकलेची नाहीच. नक्कल करा, खुशाल करा. हुपरीचा माणूस नकलेला नावं ठेवायला लागला तर चूल बंद व्हायची. तक्रार आहे ती मिरवण्याची. मे महिन्यात गुगलसाहेब आणि जूनमध्ये अ‍ॅपलसाहेब स्टेजवर येतात, मागं संगीत लागतं, आणि दुसऱ्याच्या घरात सात वर्षं रांगलेल्या पोराचं नव्यानं बारसं होतं. अनोळखी फोन आला की तो कोण, कशासाठी, हे फोननंच विचारून घ्यायचं काम पिक्सेलवर 2018 पासून होतं. आयफोनवर ते 2025 मध्ये आलं आणि टाळ्या पडल्या. आमच्या बाजारात ‘हे पहिल्यांदा मीच केलं’ याला भाव नाही. व्यापारी माल तराजूत टाकतो, तुकडा काढून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, बघतो, मजुरी ठरवतो. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर त्याला बाकी काही ऐकूच येत नाही.

तुमच्या मालाचा टंच मी माझ्यापुरता असा काढतो. चेहरा बघून कुलूप उघडायचं काम अँड्रॉइडनं 2011 मध्ये आणलं. फोटो समोर धरला तरी ते उघडायचं. अ‍ॅपलसाहेबांनी तेच 2017 मध्ये आणलं, तोंडावर हजारो न दिसणारे ठिपके टाकून खोली मोजली आणि फोटोला दाद दिली नाही. उशिरा आलं, दुसऱ्याचं बघून आलं, पण चोख आलं. अशा नकलेला आम्ही मजुरी जास्त देतो.

आणि हलका टंच कुठं, तेही सांगतो. 2025 च्या जूनमध्ये अ‍ॅपलसाहेबांनी पडद्यावरच्या बटणांना काचेची झाक दिली. त्याच वर्षात काही चिनी फोनांवर तसलीच झाक चमकायला लागली. काच नुसती दिसायची गोष्ट, पण ती उचलायला महिने पुरले. आता दुसरी गोष्ट बघा. फोनाचा सगळा कारभार, सेटिंगपासून चूक झाल्याच्या सूचनेपर्यंत, मराठीत दाखवायची सोय अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत 2014 मध्येच आली होती. आयफोनात ती 2025 मध्ये आली. अकरा वर्षं! विजेटाएवढाच वेळ, एका भाषेला. ही नक्कल करायला ना पेटंट आडवं येत होतं ना कोर्ट. पुतण्या म्हणतो, आयफोनवाल्यांना इंग्रजी येतं. त्याची आई ज्या दिवशी त्याच्या फोनावरून सिलिंडर नोंदवायला बसली, त्या दिवशी त्याला उत्तर मिळालं.

तेव्हा एक मागणी, दोघांकडंही. डाख लावून, तार ओढून आणि झिलईच्या पाण्यात हात घालून आमच्याकडच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशनच्या दुकानात आधारच्या यंत्राला अंगठा लागत नाही, तसाच तो तुमच्या फोनालाही लागत नाही. वहिनी चार वेळा बोट पुसते, पदरावर घासते, आणि शेवटी आकडे दाबते, तोवर व्यापारी दुसऱ्याला गाठतो. चेहऱ्याचं ते चोख कुलूप सात हजारांच्या फोनात बसवा, किंवा झिजलेला अंगठा ओळखणारं काहीतरी काढा. आधी कुणी काढलं हे आम्ही विचारणार नाही. एकानं काढलं की दुसऱ्यानं मात्र अकरा वर्षं थांबू नये, पुढच्या आठवड्यात उचलावं. त्यावर कोर्टात गेलात तर साक्षीला हुपरीहून माणसं येतील, जेवणखाण त्यांचं त्यांच्याकडं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हुपरीचा एक चांदी कारागीर

ता. क. : उत्तर मराठीत पाठवा. आता दोघांनाही येतं.