दुसऱ्याचं घर कसं बघावं

वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की बहुतेक माणसं आहेराच्या विचाराला लागतात. त्याची गरज नसते. ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेत छापलेलंच असतं आणि ते मनापासून असतं, कारण यजमानांना आहेर नको असतो, प्रेक्षक हवा असतो. नवं घर बघणं कुठल्याही पूर्वतयारीशिवाय जमेल अशा समजुतीत जाणारे लोक हॉलमध्येच गारद होतात. ‘छान आहे’ म्हणतात आणि सोफ्यावर टेकतात. अशा पाहुण्याला पुढच्या खोल्या कुणी उत्साहाने दाखवत नाही. मठ्ठासुद्धा विचारून देतात.

कौतुकाची सुरुवात दाराबाहेरून करावी. नावाच्या पाटीत दिवा असेल तर पाटी मोठ्याने वाचावी. मग चपला ठेवायचं कपाट शोधावं. ते सापडत नाही, कारण हल्ली कपाटांना मुठी नसतात; योग्य जागी दाबलं की दार आपणहून पुढे येतं. आपण भिंत चाचपडू लागलो की मागून आवाज येतो, “कळलंच नाही ना?” इथे ‘नाही’ म्हणणं हे पाहुण्याचं कर्तव्य आहे, कळलं असलं तरी.

हॉलमध्ये शिरताच मान वर करावी. पूर्वी छताला पंखा असायचा, आता छताखाली आणखी एक छत असतं आणि त्याच्या कडांमधून दिवे डोकावतात. “थांबा हं,” म्हणत वहिनी आधी सगळे दिवे घालवतात आणि मग एकेक लावून दाखवतात. हा कार्यक्रम चालू असताना हलू नये, बोलू नये, फक्त प्रत्येक बटणागणिक श्वास किंचित आत ओढावा. हा उजेड साधारण ३००० केल्विनचा, पिवळसर असतो. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूबलाइटचा आकडा ६५०० च्या आसपास. पिवळ्या उजेडात माणसं तजेलदार दिसतात, भिंती उबदार दिसतात आणि मेथी निवडायची झाली तर गॅलरीत जावं लागतं. “वाचायला पुरतो का?” हा प्रश्न मनात येईल. तो मनातच ठेवावा.

कौतुकाचे शब्द आधी पाठ करून जावेत. जागा लहान असेल तर “सुटसुटीत”, फार लहान असेल तर “एक इंच वाया नाही घालवला”, काळोखी असेल तर “शांत वाटतं”. सर्वांत वरचा शब्दप्रयोग म्हणजे “अगदी हॉटेलसारखं”. हा ऐकून यजमानांचा चेहरा फुलतो. हॉटेलवाले बिचारे ‘घरगुती’ अशी पाटी लावून गिऱ्हाईक बोलावतात आणि घरवाले हॉटेल व्हायला लाखो रुपये मोजतात, यावर भाष्य करण्याची ही वेळ नव्हे.

पुरुष पाहुण्यांनी, विशेषतः काका या पदाला पोहोचलेल्यांनी, कपाटावर बोटाच्या पेराने टकटक करावी. कान लावावा. थोडं थांबून “प्लाय कुठला?” असं विचारावं. यात थोडं ज्ञान लागतं. आयएस ३०३ हे साध्या प्लायवूडचं मानक; त्यातली एक प्रत फक्त दमटपणा सोसणारी, दुसरी उकळत्या पाण्यालाही बऱ्यापैकी पुरून उरणारी. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. ओट्याखाली, सिंकच्या शेजारी हाच असावा. पुण्यात मात्र तो दिवाणखान्यातल्या टीव्हीमागेही लावतात आणि ‘मरीन’ हा शब्द असा काही उच्चारतात, जणू खिडकीखालीच भरती येते. टकटक करून प्लायचा नंबर कळत नाही, तो शिक्का बघूनच कळतो. पण न टकटकता बसलेला काका घरात शोभत नाही.

स्वयंपाकघरात प्रत्येक ट्रॉली ओढून दाखवली जाईल. ती ढकलली की शेवटचे दोन इंच स्वतःच हळूच आत जाते. ते पाहून थक्क व्हावं, चौथ्या ट्रॉलीलाही. चिमणीकडे बघून आपल्या घरच्या फोडणीचा विषय काढू नये.

पुढे पॅसेजमध्ये एक बंद दार लागेल. ते प्रत्येक नव्या घरात असतं. “इथे थोडं सामान आहे” असं म्हणून यजमान आपल्याला दंडाला धरून पुढे नेतात. त्या खोलीत जुन्या गाद्या असतात, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग असतो, चालू असलेला पण बाहेरच्या रंगसंगतीत न बसणारा मिक्सर असतो, औषधांच्या पिशवीसकट आजी असते. मासिकांतल्या छायाचित्रांमध्येही ही खोली असते, फक्त कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला. तिथे डोकावू नये. मात्र आजीला नमस्कार करायचा म्हणून दार उघडायला हरकत नाही, आणि घरात आरामात बसायला मिळेल अशी खुर्चीही बहुधा तिथेच सापडेल.

आता दुसऱ्याचं घर बघून आपल्या घरासाठी घ्यायच्या प्रेरणेकडे वळू. प्रेरणा घेताना जुन्या वस्तूंपासून सावध राहावं, कारण त्या तुमच्याच असण्याची शक्यता असते. वास्तुविशारद ल कोर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याने चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. कचेऱ्यांनी त्या पुढे मोडीत काढल्या. परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखो रुपये आले. आता तसल्याच खुर्चीची नक्कल कोथरूडच्या हॉलमध्ये दिसते आणि तिच्याशेजारी कमळाची फुलं सोडलेलं पितळी घंगाळ. आपलं घंगाळ आपण मोडीच्या भावाने दिलं, हे आठवून चेहरा पडू देऊ नये. नक्षीच्या सिमेंट फरश्यांचंही तसंच. मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज त्या १९२२ पासून बनवते आहे. मधल्या पिढीने त्या उखडून चकचकीत टाइल्स बसवल्या, पुढची पिढी टाइल्स उखडते आहे.

वारली चित्रांचा मोह जपून करावा. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, त्यात पालघट देवी, ही त्यांची मूळ जागा. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं वॉशिंग मशीनच्या मागच्या भिंतीला वॉलपेपर म्हणून चिकटवण्यासाठी झालेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सँपल फ्लॅट बघायला जाणार असाल तर खिशात मोजपट्टी असू द्या. क्वीन साइझ गादी ६० बाय ७८ इंच असते. तिथला पलंग मोजून बघा. कधी कधी तो अशा जोडप्यासाठी केलेला असतो ज्यांनी पाय घरी ठेवले आहेत. खोल्यांना दारं बसवली आहेत का, तेही बघा. दार उघडायलाही जागा लागते. फोनवरचा फोटो ०.५ वर काढलेला असेल तर त्यातला हॉल बघून मुलाचं लग्न घरीच करायचं ठरवू नका.

आणि एवढं करूनही प्रेरणा टिकलीच, तर सुताराला बोलवा. तो भिंतीकडे बघून मान हलवेल, आधीच्या सुताराला नावं ठेवेल आणि “गणपतीच्या आधी देतो” म्हणेल. कोणत्या वर्षीच्या, ते त्याच्याकडून लिहून घ्या.