जामीनदार माहात्म्य

दानांत अन्नदान श्रेष्ठ अशी आपल्याकडे समजूत आहे. अन्नदात्याला निदान जेवणारा समोर दिसतो आणि पंगत किती पानांची हे आधी कळतं. इंग्लंडात दुसऱ्याच्या भाड्याच्या घराला जामीन राहणारा या असल्या चौकशांच्या पलीकडे गेलेला असतो. घर त्यानं पाहिलेलं नसतं, आत कोण राहणार हे त्याला माहीत नसतं आणि आकडा तर वेळ आल्यावरच कळतो. एवढं निरपेक्ष दान शास्त्रकारांनाही सुचलं नव्हतं.

शिकायला आलेल्या मुलाला तिकडे घर हवं असेल, तर एजंट बहुतेक वेळा ब्रिटनमध्येच राहणारा, कमावता, शक्यतो स्वतःचं घर असलेला गॅरंटर मागतो. पुण्यातल्या वडिलांचा पगार कितीही गलेलठ्ठ असो, वसुलीसाठी त्यांच्यामागे भारतात कोण धावणार? मग हॅरो, हौन्स्लो, रेडिंग इथल्या आपल्या माणसांचे फोन वाजू लागतात. ‘‘भावजी, तिकडे आपलं म्हणायला तुम्हीच. फक्त सही करायचीय हो.’’

‘फक्त सही’ ही कल्पना आली कुठून, तेही पाहायला हवं. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी सही करायची, अंगठा टेकवायचा, चहा घ्यायचा आणि विसरून जायचं. भाडं थकलं म्हणून साक्षीदाराच्या दारात कोणी जात नाही. तेव्हा फोन करणाऱ्या वहिनी खोटं बोलत नसतात. त्यांचे यजमान मात्र सगळं जाणून असतात. पगारदार पतसंस्थेत कर्जाला जामीन राहिलं आणि कर्जदारानं हप्ते थकवले, की ते आपल्या पगारातून कापले जातात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून तर सहकारी फॉर्म घेऊन येताना दिसला की ते आयुष्यभर कँटीनच्या मागच्या दारानं निसटत आले. या विषयावरचा फोन ते वहिनींना करायला लावतात, यात त्यांचा अनुभव दिसतो.

होकार दिल्यावर जामीनदाराचा सन्मान सुरू होतो. पे-स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, पासपोर्ट आणि क्रेडिट चेक. महिन्याच्या भाड्याच्या तीसेक ते छत्तीस पट वार्षिक उत्पन्न असलं तर त्याची योग्यता मान्य होते. सख्खा मेव्हणासुद्धा ज्याला पगार विचारत नाही, त्याचा पगार आता एजन्सीतल्या बाविशीच्या मुलाला पेन्सपर्यंत पाठ असतो.

मग येतो मुख्य दस्त, आणि इथे जामीनदाराची थोरवी खऱ्या अर्थानं उजळते. समजा, चार मुलांनी मिळून 2,800 पौंडांचं घर घेतलं. आपल्या चिरंजीवांचा वाटा 700. पण करार चौघांचा संयुक्त असतो आणि प्रत्येक जण पूर्ण भाड्याला बांधील असतो. दस्तात जबाबदारी वाट्यापुरती असं स्पष्ट लिहून घेतलं नसेल, तर जामीनदारही सगळ्या 2,800 ला बांधला जातो. उरलेले तिघे कुठले, काय शिकतात, गादीवर बसून हुक्का ओढतात की काय, त्याला माहीत नाही. फेब्रुवारीत त्यातला एक शिक्षण सोडून गेला, तर त्याच्या रिकाम्या खोलीचं भाडंही याच्याकडे मागता येतं. गालिचा जळला, तोही याचाच. वसुधैव कुटुंबकम् असं म्हणणारे पुष्कळ असतात. साक्षीदारासमोर सही करून ते लिहून देणारा हा एकटाच.

या व्यवहारात भाडेकरूला घर मिळतं, मालकाला भाडं मिळतं, एजंटाला दलाली मिळते. जामीनदाराला दस्ताची प्रत मिळते. किल्ली मिळत नाही. पैसे थकले आणि कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला, तर महिन्याभरात भरले नाहीत की सहा वर्षं त्याचं नाव नोंदवहीत राहतं. स्वतःला घरासाठी कर्ज काढायचं असलं, तर बँक ते आवर्जून वाचते. आपल्या नावाची इतकी दखल एरवी कोण घेतं?

इंग्रजांचा कायदा बिचारा फार जुन्या काळापासून या माणसाला आवरू पाहतो आहे. 1677 साली, म्हणजे शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते तेव्हा, तिथल्या पार्लमेंटनं ठरवलं की तोंडी जामीनकी चालायची नाही. लेखी हवी आणि खाली सही हवी. हेतू असा की लिहिताना तरी माणूस थांबेल. आपली भीड त्या कायद्याला पुरून उरली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती वहिनी होऊन येते, एवढाच फरक.

काही कंपन्या हेच काम फी घेऊन करतात आणि भरलेले पैसे पुढे भाडेकरूकडून वसूलही करतात. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. कांदेपोह्यांवर होणारं काम त्यांनी धंद्यावर नेलं.

आजवर गॅरंटर न मिळालेली मुलं सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून सुटत होती. 2025 च्या नव्या भाडेकरू कायद्यानं इंग्लंडातल्या खासगी घरमालकांना 1 मे 2026 पासून भाडेकरार सुरू होण्याआधी एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागायला आणि घ्यायलाही मनाई केली. गॅरंटर मागायला मनाई केलेली नाही. तेव्हा वाचकहो, तुमचे दिवस आले आहेत. सप्टेंबरच्या सुमारास फोन येईल. जबाबदारी एकाच वाट्यापुरती ठेवा, कमाल रक्कम लिहा, शेवटची तारीख घाला, असल्या क्षुद्र अटी घालून नात्यात कडवटपणा आणू नका. दस्त वाचू तर मुळीच नका. पत्ता मात्र सुवाच्य अक्षरात लिहा; नोटीस त्याच पत्त्यावर येते.