निवृत्त टॅगकरी

निगडी, आकुर्डी आणि चिंचवड या परिसरात ज्येष्ठ नागरिकांचा जो एक वर्ग अलीकडे ठळकपणे नजरेत भरू लागला आहे, त्याला वारकरी, माळकरी यांच्या चालीवर ‘टॅगकरी’ म्हणण्यास हरकत नसावी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आल्या, त्यांच्या आधाराने शेकडो लघुउद्योग वाढले, आणि आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन या पट्ट्यात उतरलेली जी तरुण मुले पुढे इथेच कर्ज काढून घर बांधून राहिली, त्यांच्यापैकी तपासणी विभागातून निवृत्त झालेला गृहस्थ हा या वर्गाचा शुद्ध नमुना होय. निरोपसमारंभातील शाल कपाटात जाते न जाते तोच घरातला जुना स्मार्टफोन त्याच्या हाती येतो आणि नात त्याची गुरू होते. ती दाखवील ती प्रत्येक पायरी तो कंपनीच्या जुन्या डायरीत क्रमांक घालून लिहून काढतो. अ‍ॅप अद्ययावत होऊन एखादे बटण जागचे हलले की, कारखान्यात असा बदल लेखी सूचनेवाचून होत नसे, असे तो तिलाच सुनावतो.

टॅग करणे म्हणजे छायाचित्रातील व्यक्तीशी तिच्या खात्याचे नाव जोडणे. नाव जोडताच तिला सूचना जाते आणि बहुधा तिच्या मित्रमंडळींनाही ते छायाचित्र दिसू लागते. फेसबुकने ही सोय २००५ मध्ये आणली ती विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी, परंतु टॅगकऱ्याच्या हाती पडताच तिला शिस्तीचे स्वरूप आले. वाहनउद्योगात मालाच्या प्रत्येक लॉटला ओळखपट्टी असते, तिच्यावर भागाचा क्रमांक, तारीख, पाळी आणि तपासणाऱ्याची सही असते, आणि पुढे दोष निघाला तर तो कोणत्या मशीनवर, कोणाच्या हातून झाला इथपर्यंत माग काढता येतो. या व्यवस्थेला ट्रेसेबिलिटी म्हणतात. पट्टीवाचून माल पुढे सोडायचा नाही हा संस्कार ज्याच्या हाडीमासी खिळला आहे, त्याला बारशाच्या छायाचित्रात मागे उभी असलेली बाई निनावी राहिलेली पाहवत नाही, आणि ती वाढपी होती असे कळल्यावर तो निदान केटररला तरी टॅग करतोच. मधल्या काळात फेसबुक चेहरा ओळखून स्वतःच नावे सुचवीत असे, तेव्हा त्या यंत्रणेने धाकट्या मेहुण्याला थोरला ठरवले की त्याला मनस्वी आनंद होई; २०२१ मध्ये ती यंत्रणा बंद झाल्यावर, हाती तपासणीला पर्याय नाही हे अमेरिकेलाही पटले, असा निष्कर्ष त्याने काढला.

तथापि टॅगकरी केवळ कारखान्याने घडवला, हे म्हणणे एकांगी ठरेल. या शहराच्या चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मध्यभागी सत्कारमूर्तीची छबी आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून लहान चेहऱ्यांच्या रांगा असतात, त्या रांगांतील जागेवरून रुसवेफुगवे होतात, आणि वगळला गेलेला माणूस ते वर्षभर विसरत नाही. टॅग हे त्याच मानपानाचे बिनखर्चाचे रूप असल्यामुळे, संकष्टीला चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिराबाहेर काढलेल्या छायाचित्रात टॅगकरी एकटाच असला तरी त्यात साडू, नाशिकची बहीण, न्यू जर्सीचा भाचा आणि जुनी टूलरूम सगळी टॅग झालेली असते. फेसबुक एका छायाचित्रात पन्नासच नावे जोडू देते. एक्कावन्नाव्याचा मान राखण्यासाठी तेच छायाचित्र पुन्हा चढवले जाते.

या उपक्रमाचा खरा भार पुढच्या पिढीवर पडतो. तापाचे निमित्त सांगून चाकणची पाळी बुडवलेला मुलगा त्याच दुपारी भुशी धरणावर कणीस खाताना टॅग होतो, ते छायाचित्र त्याच्या सुपरवायझरच्या फोनवर पोचते, आणि दोष, तारीख व पाळी यांचा माग इतका चोख लागतो की कोणत्याही लेखापरीक्षकाने मान डोलवावी. यावर तरुणांनी ‘रिव्ह्यू’च्या सोयीचा आश्रय घेतला आहे, म्हणजे आपण मंजुरी दिल्याशिवाय टॅग झालेले छायाचित्र आपल्या पानावर येऊ नये अशी व्यवस्था. टॅगकऱ्याला तिचा राग येत नाही, कारण निर्णय होईपर्यंत माल होल्डवर ठेवणे त्याला पूर्णपणे मान्य आहे, मात्र होल्डलाही मुदत असते, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पुतण्याला फोन करतो आणि शांतपणे विचारतो, “रिजेक्ट असेल तर असू दे, पण कारण काय लिहू?”