साठावा दिवस

मौन म्हणजे संमती, हे शास्त्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 मध्येही आहे: साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास बांधकामास परवानगी मिळाली असे मानावे. मात्र काढलेल्या शंकेला अर्जदाराने उत्तर दिले, की ते साठ दिवस त्या तारखेपासून मोजावयाचे असल्यामुळे, भीमाकाठच्या राजगुरुनगरातील आमच्या एका स्नेह्यांना (कचेरी कोणती ते विचारू नये) बरोबर एकोणसाठाव्या दिवशी ‘जिन्याची रुंदी स्पष्ट होत नाही’ असा लाल शाईचा शेरा प्राप्त झाला. जिना स्पष्ट केला, तो नकाशावरील उत्तरदर्शक बाण पुसट ठरला. अंगणातील वाळूच्या ढिगावर एव्हाना विनापरवाना एरंड वाढला आहे.