गुलाब मिळाला साहेब, ओढ्याचं काय?

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक)

विषय : नवीन शैक्षणिक वर्षाच्या शुभेच्छा पोचल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी कळवण्यात येते की, आपल्या शुभेच्छा मावळात सुखरूप पोचल्या. शिरस्त्याप्रमाणे प्रवेशोत्सव पार पडला. औक्षण झाले, फुगे लागले, गुलाबपुष्पे वाटली गेली, नव्या पुस्तकांसह फोटो निघाले आणि ते वर पाठवलेही गेले. पहिलीच्या पोरांची पावले रंगात बुडवून त्यांचे ठसे घेतले. २०२४ साली ‘एक राज्य, एक गणवेश’ आले, पोरे गणवेशाची वाट बघत राहिली आणि डिसेंबरात तो निर्णयच मागे घेतला गेला. त्याबद्दल आज तक्रार नाही. गुरुजींचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, त्याबद्दलही नाही. तक्रार आहे ती त्या रंगवलेल्या पावलांची. ती रोज शाळेपर्यंत येणार कशी, एवढेच शुभेच्छांमध्ये राहून गेले.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, राज्याचे नियम २०११ चे. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. नियम चोख आहे, फक्त त्यातला किलोमीटर कोरडा आहे. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, कुठेही बघा : ठाकरवाडी किंवा धनगरवाडा डोंगराच्या अंगाला, शाळा खाली गावठाणात आणि मध्ये ओढा. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, म्हणजे नेमका पहिल्या सत्रात. मे महिन्यात जी पायवाट असते, तिच्यावरून जुलैत पाणी वाहते. हे पाणी धोक्याचे आहे, हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा वाहत्या पाण्यात उतरायला बंदी करणारे आदेश तातडीने निघाले. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चार माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी शाळा सुरू झाल्या. म्हणजे शहरातून आलेल्या धडधाकट माणसाला ज्या पाण्यात पाय टाकायला मनाई, तसल्याच पाण्यापलीकडची शाळा सहा वर्षांच्या पोरीसाठी मात्र ‘विहित अंतरात’. पर्यटकाला फलक, पोलीस आणि दंड, पोरीला गुलाब.

आता हे अंतर आणखी वाढवणाऱ्या पटाच्या निकषाबद्दल. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या. दाखला दिला गेला तो आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचा. यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. चार पोरे आणि एकच गुरुजी असतील, तर ना खेळाला गडी मिळतो ना अभ्यासाला स्पर्धा, हे कोणीही मान्य करील. पण इथला पट वस्तीच्या आकाराने ठरतो. आठ-दहा उंबऱ्यांच्या वाडीत वीस पोरे आणायची कुठून? शिवाय ६० पटापर्यंत दोन शिक्षक द्यावेत, असे शिक्षणहक्क कायदाच सांगतो. आधी एका शिक्षकावर शाळा चालवायची आणि मग ती एकशिक्षकी आहे म्हणून हलवायची, हा न्याय कुठला? राहता राहिली समूह शाळेपर्यंत नेणारी बस. बस डांबरीवर धावते. वाडीपासून डांबरीपर्यंतचा तुकडा तोच, ओढाही तोच. पाचवीपासूनच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण थांब्यापर्यंत पोचल्यावर.

कोणी म्हणेल, रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी देतात. देतात, २५ जुलै २०२४ ला दिली होती. पण ओढा अलर्टची वाट बघत नाही. वर डोंगरावर कोसळले की तो खाली फुगतो. त्या दिवशी हजेरीपटावर सुट्टी नसते, पोर गैरहजर असते. असे खाडे साठत गेले की तेच पोर ‘शाळाबाह्य’ म्हणून शोधायला सर्वेक्षण निघते. लाज वाटावी असा हा प्रकार आहे. सहा वर्षांच्या जिवाने पाण्यात उतरायचे की शाळा सोडायची, एवढेच दोन पर्याय आपण त्याच्यापुढे ठेवले आहेत.

साहेब, ओढ्यावर साकव बांधणे आपल्या खात्यात येत नाही, हे ठाऊक आहे. साकव बांधकाम विभागाचा, वाट वनखात्याच्या हद्दीतली, निधी आणखी कुणाच्या टेबलावर. केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या, वरून व्हिडिओ बैठका, खालून पालक, आणि सही मात्र तुमची. वरच्यांनी आकडा मागितला की तुम्ही तरी काय करणार? म्हणूनच मागणी तुमच्या अखत्यारीतलीच आहे. कुठल्याही शाळेच्या समायोजनाच्या प्रस्तावाला अंतराचा दाखला जोडावा आणि ते अंतर जुलैत, वाडीतून, पायी मोजलेले असावे. मोजणाऱ्या अधिकाऱ्याला ओढा ओलांडता आला नाही, तर अहवालात तेवढेच लिहावे. प्रस्ताव तिथेच निकाली निघेल.

कळावे,
एक मावळकर